मोकळ्या प्लॉटवरची चौकट

आमच्या कामात घर मिळण्याआधी माणसाला एक गोष्ट सिद्ध करावी लागते. आपल्याला घर नाही, ही. शंभराच्या स्टॅम्प पेपरवर प्रतिज्ञापत्र करायचं, खाली सही किंवा अंगठा. मजकूर ठरलेला असतो: माझ्या किंवा माझ्या कुटुंबातील कोणाच्याही नावे भारतात कुठेही पक्के घर नाही. एकदा एका म्हाताऱ्या शेतमजुराला मी हे वाचून दाखवलं, तर तो पेन हातात घेऊन बराच वेळ विचारात पडला. म्हणाला, "साहेब, मी लातूरच्या पलीकडं कधी गेलो न्हाई. भारतात कुठं माझं घर हाय का न्हाई, मला काय ठाव?"

ऑफिसात सगळे हसले, मीही हसलो. पण संध्याकाळी बसमध्ये बसल्यावर ते वाक्य पुन्हा आठवलं आणि हसू आलं नाही. खरंच, कुठेतरी असेल का त्याचं एखादं घर, त्याला न कळवता उभं असलेलं? आमच्या कामात अशी वाक्यं ऐकू येतात आणि मग ती खिडकीच्या काचेवर बसून घरापर्यंत सोबत करतात.

नांदेडहून लातूरला जाताना मध्ये लागणाऱ्या एका गावच्या नगरपरिषदेत मी बरीच वर्षं होतो. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांना ते कळेलच, बाकीच्यांना कळून काही उपयोग नाही. माझं पद स्थापत्य सहायकाचं, पण लोक इंजिनेर साब म्हणत. काम घरकुल कक्षात. घरकुल म्हटलं की सरकार घर बांधून किल्ली देतं, असं बाहेरच्यांना वाटतं. आमच्याकडचा प्रकार वेगळा होता. ज्याची स्वतःची जागा आहे त्यानं स्वतः घर बांधायचं आणि काम जसं वर चढेल तसे अनुदानाचे हप्ते त्याच्या खात्यावर जायचे. त्यासाठी नाव यादीत लागलं पाहिजे. यादीत लागायचं तर जागा नावावर हवी, उत्पन्न मर्यादेत हवं, मोजणीचा नकाशा हवा. अर्जाची फी नाममात्र होती. पण अर्जाला जोडायच्या प्रत्येक कागदाला आपली स्वतंत्र फी होती आणि अपात्र ठरलं तर त्यातली एकही परत मिळत नव्हती.

आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम असा की मंजुरीचा आदेश हातात पडेपर्यंत बांधकामाला हात लावायचा नाही. जागा मोकळी हवी, नाहीतर तिथं मोडकं कच्चं घर हवं. ते तपासायला मी जायचो. मोबाइलवर सरकारी ॲप उघडायचं, अर्जदाराला जागेवर उभं करायचं, फोटो काढायचा. फोटोला जागेचे अक्षांश-रेखांश आपोआप चिकटत. मग खाली तीन पर्याय येत: रिकामी जागा, कच्चे घर, बांधकाम सुरू. एकावर बोट ठेवायचं. बोट ठेवलं की ते वर जायचं आणि परत ओढता यायचं नाही.

रिकामी जागा म्हणतात, पण मी पाहिलेली एकही जागा रिकामी नव्हती. गावाबाहेरच्या एका प्लॉटवर नवरा-बायकोनं चुन्याच्या फक्कीनं सगळ्या घराच्या रेघा मारून ठेवल्या होत्या. मी सरळ मधून चालत गेलो तर बाई ओरडली, "अहो साहेब, देवघरात चप्पल!" नवरा म्हणाला, "देवघर तिकडं हाय, ही न्हाणी हाय." त्यावर त्यांचं जे भांडण जुंपलं ते मी फोटो काढून निघालो तरी चालूच होतं. मी चप्पल काढली नाही. रेघाच तर होत्या.

रहेमतबींची जागा गावाच्या टोकाला होती, हायवेच्या खालच्या अंगाला. त्यांचे मालक करीम मिस्त्री सुतार. गावातल्या कितीतरी घरांच्या चौकटी त्यांच्या हातच्या. स्वतः मात्र आयुष्यभर भाड्याच्या एका खोलीत राहिले. शेवटच्या आजारपणात, श्वास लागत असताना, त्यांनी कडुनिंबाच्या लाकडाची एक चौकट केली. ती पुरी झाली आणि दोन महिन्यांत ते गेले. प्लॉट बाईंच्या नावावर झाला. मोजणीची फी भरायला त्यांनी मिस्त्रींची हत्यारं विकली. फक्त रंधा ठेवला. हे सगळं मला नंतर कळलं.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा उन्हं कलली होती. रस्त्यावरून खाली उतरलो आणि थबकलो. मोकळ्या काळ्या जमिनीवर एक चौकट एकटीच उभी होती. भिंत नाही, पाया नाही, छप्पर नाही. दोन्ही पाय जमिनीत हातभर पुरून भोवती दगड ठासलेले, मागून दोन बांबूंचे टेकू. वरच्या पट्टीला हिरव्या फडक्यात काहीतरी बांधलेलं. चौकटीतून पलीकडचं सोयाबीन दिसत होतं आणि त्याच्यावर लांबच लांब आभाळ. दहा पावलं चाललो तर सोयाबीन जाऊन लिंबाचं झाड आलं. जणू घराच्या आत कुणीतरी फिरत होतं.

बाई चौकटीच्या पलीकडे उभ्या होत्या. शेजारच्या वस्तीतल्या चार-सहा बायकाही आलेल्या. मी सरळ चौकटीच्या बाजूनं निघालो.

"बाजूनं नका येऊ साब," रहेमतबी म्हणाल्या. "दरवाजा हाय ना. दरवाज्यातून या."

बायका हसल्या. एक म्हणाली, "कडी वाजवा की साहेब, न्हाई तर उघडणार न्हाईत त्या." पुन्हा हशा.

आज इतक्या वर्षांनी लिहायला बसलो तर त्या हसण्यात मला काही वावगं दिसत नाही. पण त्या दिवशी मला राग आला. त्याच आठवड्यात लेखापरीक्षकांनी माझ्याकडून खुलासा मागवला होता. एका प्लॉटवर वाढलेल्या गवताखाली जोत्याचं जुनं काम होतं, ते माझ्या नजरेतून सुटलं होतं आणि मी तिथं 'रिकामी जागा' लिहून बसलो होतो. नोकरीत पहिल्यांदाच मला कुणी चोरासारखं विचारलं होतं. त्या अपमानाचं कुसळ अंगात होतं. आणि वर ह्या बायका हसत होत्या.

मी बाजूनंच गेलो.

"ही चौकट का उभी केली?" मी विचारलं.

"आडवी ठेवली तर वाळवी लागंल," त्या म्हणाल्या. "आन उभी असली की जागा धरलेली दिसती. कोन वाकडं पाऊल टाकत न्हाई. नशीमाचं लगीन दोन-तीन सालात करायचंय साब. माझी पोर ह्या दरवाज्यातून सासरी जायला पायजे. मिस्त्रीनं तेवढंच मागितलं हुतं माझ्याकडं."

मी त्यांना उभं केलं, चौकटीसकट फोटो काढला आणि खालच्या तिसऱ्या पर्यायावर बोट ठेवलं. बांधकाम सुरू. मला वाटलं, यावेळी माझी चूक कुणी काढू शकणार नाही.

यादी सूचना फलकावर लागली. रहेमतबींचं नाव अपात्रांत. कारणाच्या रकान्यात माझेच दोन शब्द. दुसऱ्याच दिवशी त्या कक्षात आल्या, कागदांची प्लॅस्टिकची पिशवी छातीशी धरून.

"साब, माझं काय चुकलं?"

"खाला, तुम्ही आदेशाआधी बांधकाम सुरू केलंत."

"कुठं केलं? एक भिंत दाखवा मला. चला, आत्ता चला."

"चौकट आहे ना तिथं."

"चौकट म्हंजी घर?" त्यांनी पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. "मग घरपट्टी लावा की साब! मी भरते. पन मग लेखी द्या मला, रहेमतबीला घर हाय म्हनून."

समोरच्या टेबलावर बसणारे जोंधळे भाऊसाहेब, आमच्या कक्षातले जुने लिपिक, खो खो हसले. "भले! नळपण मागतील आता."

पुढच्या यादीत अर्ज करा, एवढंच मी म्हणालो.

इथं मला थांबून एक गोष्ट लिहिली पाहिजे. ती लिहिण्यासाठीच हा लेख आहे, बाकीचं सगळं भोवतालचं आहे. यादी लागल्यावर आठ दिवस हरकतींसाठी असतात. अर्जदारानं साध्या कागदावर दोन ओळी लिहून दिल्या तरी पुन्हा पाहणी करावी लागते. पण हरकत लेखी लागते. रहेमतबी दुसऱ्याच दिवशी आल्या होत्या, म्हणजे मुदतीत. त्यांनी जे तोंडानं सांगितलं ते कागदावर आलं असतं तर काम झालं असतं. लेखी हरकत द्या, एवढे तीन शब्द मी म्हणायचे होते. मी ते म्हणालो नाही.

आणि ते अज्ञानानं नाही. त्या गेल्यावर मी मूळ परिपत्रक काढून वाचलं. त्यात बांधकाम सुरू होणे याचा अर्थ दिलेला होता: पायाची खोदाई. बस्स. चौकटीचा उल्लेखही नव्हता. जी वस्तू दोन माणसं उचलून नेऊ शकतात ती बांधकाम कशी? मी दुरुस्तीचं पत्र लिहिलं. मुख्याधिकाऱ्यांना उद्देशून, सविनय, माझ्याकडून नजरचुकीने वगैरे. सही केली. मग मनात आलं, एकाच महिन्यात दुसरी चूक. आणि ते पत्र मी खणात ठेवलं. आठ दिवस रोज खण उघडून पाहायचो. नवव्या दिवशी पाहायची गरज उरली नाही.

पुढची यादी लवकर येईल असं वाटलं होतं. ती यायला वर्षं लागली. एक टप्पा बंद झाला, दुसरा सुरू होईना.

मी नांदेडहून रोज एसटीनं ये-जा करायचो. बस गावात शिरताना डाव्या हाताला ती चौकट दिसायची. पाहायचं नाही असं ठरवूनही मान वळायचीच. पावसाळ्यात तिच्यातून हिरवं सोयाबीन दिसे, दिवाळीनंतर पिवळी फुलं आलेली तूर, थंडीत हरभरा, आणि उन्हाळ्यात नुसती भेगाळलेली काळी जमीन, वर थरथरणारी झळ. त्या झळेत चौकट पाण्यात उभी असल्यासारखी हलायची. कधी तिच्या सावलीच्या पट्ट्यात रहेमतबी शेंगा सोलत बसलेल्या असायच्या, उंबऱ्यावर बसतात तशा, पाय बाहेरच्या बाजूला सोडून. बस पुढं जाई. एक-दोन वेळा डुलकी लागलेली असताना मला तिथं भिंती दिसल्या, चुना दिलेल्या, खिडकीत तुळशीसारखं काहीतरी. जागा होऊन पाहतो तर चौकट आणि आभाळ. सुटीच्या दिवशी विष्णुपुरीला गोदावरीच्या धरणावर जाऊन बसलो तरी पाण्यावर मला चौकोन दिसत. बायको म्हणायची, तुम्हाला झालंय काय? मी म्हणायचो, काही नाही, ऑफिसचं.

जोंधळे भाऊसाहेब निवृत्त झाले, त्याच वर्षी रहेमतबी लग्नाची पत्रिका घेऊन कक्षात आल्या. नशीमाचं उदगीरला ठरलं होतं.

"जरूर या साब. प्लॉटवरच हाय मंडप."

मी गेलो. न जाऊन चालणारच नव्हतं. हायवेकडून चौकट, तिच्यामागं मंडप. लोक कौतुकानं चौकटीतून आत जात होते, पोरं तर चार-चारदा आत-बाहेर करत होती. मी मंडपाच्या मागून, आचाऱ्याच्या चुलींजवळून आत शिरलो आणि एका कडेला बसलो. जेवलो. काय जेवलो आठवत नाही.

दुपार उतरली आणि पाठवणीची वेळ झाली. मंडपातून बायका नशीमाला घेऊन चौकटीपर्यंत आल्या. तिच्या मामानं डोक्यावर कुराण धरलं. चौकट चांगली उंच होती, मिस्त्रींनी हात राखून काम केलं नव्हतं. तरीही पोरगी तिथं वाकली. घरातून बाहेर पडताना माणूस वाकतं तशी. एक पाऊल ह्या बाजूला होतं तेव्हा ती माहेरात होती आणि पुढचं पाऊल टाकलं तेव्हा नव्हती. दोन्हीकडे तीच काळी माती. पण तिथल्या एकाही माणसाला ती एकच वाटली नसणार, कारण सगळे रडत होते.

गाडी गेली. रहेमतबी चौकटीत उभ्या राहून रस्त्याकडे पाहत होत्या. मग वळून आत गेल्या. आत म्हणजे शेताच्या दिशेला. मी आलो तसाच मागून निघून आलो.

नवी यादी उघडली त्याच दिवशी मी स्वतः त्यांच्या भाड्याच्या खोलीवर गेलो. आमच्या कामात असं कुणी जात नाही.

"पुन्ना कागदं?" त्या म्हणाल्या.

"पुन्हा."

"घर नसल्याचं बी पुन्ना लिहून द्यायचं?"

"हो खाला."

"मागं तर तुम्हीच लिहून दिलं हुतं की, हितं घर हाय म्हनून," असं म्हणून त्यांनी फळीवरून तीच प्लॅस्टिकची पिशवी काढली.

पाहणीच्या दिवशी मी सकाळीच गेलो. मनात एकच भीती होती. परिपत्रक काही म्हणो, वर संगणकावर फोटो तपासणारा माणूस चौकट पाहील आणि माझ्यासारखाच घाबरून लाल शेरा मारील. म्हणून मी दोर आणला होता.

"खाला, अर्धा तास चौकट काढून ठेवू. फोटो झाला की जशीच्या तशी उभी करू. एका बाजूनं मी धरतो."

त्यांनी मान हलवली. "न्हाई साब. उभी केलेली चौकट आडवी करत न्हाईत. मिस्त्री सांगायचे, चौकट आडवी हुती ती घर मोडल्यावर. माझी पोर गेलीया हितून. तुम्ही न्हाई म्हना, मी भाड्यानं ऱ्हाईन."

दोर माझ्या हातात तसाच राहिला. बोलायची हीच वेळ होती, म्हणून मी बोललो. हरकतीचे आठ दिवस, परिपत्रक, खणातलं पत्र. सगळं सांगितलं, चौकटीच्या बाहेर उभा राहून. त्या आतल्या बाजूला उभ्या होत्या. मध्ये नुसती हवा.

"ठाऊक हाय," त्या म्हणाल्या.

"कुणी सांगितलं?"

"जोंधळे भाऊसाहेबानं. रिटायर झाल्यावर भेटले बाजारात. हरकत लेखी देत न्हाईत का बाई, म्हनले."

"म्हणजे लग्नाच्या आधी?"

"हाव."

"मग मला बोलावलं कशाला?"

"नशीमा म्हनली, नको बोलवू त्या मान्साला. मी म्हनलं, येऊ दे. हितं घर हाय का न्हाई ते एकदा डोळ्यानं बघू दे त्याला." त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिलं. "तर तुम्ही आचाऱ्याच्या मागून आलात."

चौकटीतून वारा येत होता, त्याला हरभऱ्यावरच्या आंबट दवाचा वास होता. मी चप्पल काढली. का ते विचारू नका. वाकलो आणि पहिल्यांदा त्या दारातून पाऊल टाकलं. आणि दोन्ही खांबांच्या मधोमध उभा असताना माझ्या लक्षात आलं की मोबाइल इथंच धरला तर चौकट फोटोत येतच नाही. येते ती फक्त जागा. मोकळी, पाया नसलेली, जशी आहे तशी.

"खाला, जरा पुढं जाऊन उभ्या राहा."

"कुठं?"

"कुठंही. जागेवर."

त्या पावलं मोजत चालल्या, डावीकडे वळल्या, एका अदृश्य भिंतीला वळसा घालून थांबल्या. "हितं ऱ्हाते. सैपाकघर हाय हे."

मी फोटो काढला. पहिल्या पर्यायावर बोट ठेवलं. आणि लपवाछपवी नको म्हणून शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: जागेवर पाया नाही. लाकडी चौकट उभी आहे. ते बांधकाम नव्हे. मागील पाहणीतील नोंद माझी चूक होती. त्याचा खुलासा मला पुढं द्यावा लागला. दिला. जितका घाबरलो होतो तितकं काही झालं नाही, आणि हेच मला जास्त लागलं. एवढ्याशा गोष्टीसाठी एक पोर बिनभिंतीच्या घरातून सासरी गेली होती. ते काही आता परत करता येत नाही.

रहेमतबींचं नाव पात्र यादीत लागलं. चौकट हलवली नाही. गवंड्यानं आधी कुरकुर केली, मग तिच्यापासूनच दोरी धरून भिंती आखल्या. माझी बदली तोवर लातूरला झाली होती. पत्रे की स्लॅब, यावर त्यांचं गवंड्याशी काय भांडण झालं ते फोनवर ऐकत होतो. शेवटी स्लॅब टाकला.

या पावसाळ्यात माझ्या जागी आलेल्या नव्या स्थापत्य सहायकांचा फोन आला. कंधारकडच्या आहेत, कामाला चोख. शेवटच्या हप्त्याच्या फोटोसाठी त्या रहेमतबींच्या दारी उभ्या होत्या.

"सर, एक अडचण आहे. नियमात लाभार्थी घरासमोर उभा पाहिजे असं आहे. ह्या बाई बाहेरच येत नाहीत. आतून ओरडतात, आधी आत या म्हणून. फोटोत नुसतं दार येतंय आणि आत अंधार. अपूर्ण म्हणून शेरा मारू का?"

"तुम्ही कुठं उभ्या आहात?"

"बाजूला. खिडकीपाशी. इथून आत दिसतं का बघत होते."

"काय दिसतंय?"

"चूल पेटलेली आहे सर. दोन कप काढलेत."

"मॅडम," मी म्हणालो, "मोबाइल खिशात ठेवा. चप्पल काढा. आणि दारातून आत जा."